परक्या चित्रशाळेतील मानसशास्त्राचा विद्यार्थी : एक चिकित्सा

सारांश

मानसशास्त्र हा मुख्य विषय घेतलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या महाविद्यालयाबाहेर जाऊन चित्रकलेचे शिक्षण घेण्याचा अर्थ काय, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. विल्यम जेम्स, रुडॉल्फ आर्नहाइम आणि मॅरियन मिल्नर या तीन अभ्यासकांचा चित्रकलेशी आलेला संबंध तपासून, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या श्रेयांक-व्यवस्थेत अशा शिक्षणाला कोणते स्थान मिळते याचा विचार केला आहे. चित्रशाळेतील शिक्षण ही निरीक्षणाची स्वतंत्र शिस्त आहे; तिला छंद किंवा उपचारतंत्र समजले तर तिचा मानसशास्त्राला होणारा उपयोग नाहीसा होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मानसशास्त्र, चित्रकला, संवेदन, निरीक्षण, श्रेयांक, आंतरविद्याशाखीय अध्ययन.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या मानसशास्त्र प्रयोगशाळांत दर्पण-आरेखनाचा प्रयोग वर्षानुवर्षे केला जातो. प्रयुक्तासमोर दुहेरी रेषेने काढलेली ताऱ्याची आकृती ठेवतात. ती थेट दिसू नये म्हणून मध्ये आडोसा असतो. आरशातील प्रतिमेकडे पाहत दोन रेषांच्या मधल्या पट्टीतून पेन्सिल फिरवायची असते. डावे-उजवे कळते, पण वर-खाली उलटते; हात भलतीकडे जातो. प्रयोगकर्ता वेळ नोंदवतो, रेषेला झालेले स्पर्श मोजतो, प्रयत्नागणिक चुका कमी होत गेल्याचा आलेख काढतो आणि एका हाताचे शिक्षण दुसऱ्या हाताकडे किती संक्रमित झाले याविषयी निष्कर्ष लिहितो. तासभर विद्यार्थ्याने रेषाच काढलेली असते. परंतु त्या रेषेकडे रेषा म्हणून कोणीही पाहत नाही. ती सेकंदांत आणि चुकांत रूपांतरित झाली की त्या कागदाचे काम संपते.

त्याच गावातील एखाद्या कला महाविद्यालयात त्याच वेळी दुसरा विद्यार्थी टेबलावरच्या मडक्याकडे पाहत कोळशाने रेषा काढत असतो. तेथील शिक्षक त्याच्या मागे येऊन उभे राहतात आणि रेषा चुकली असे म्हणण्याऐवजी ‘मडके पुन्हा बघा’ असे सांगतात. दोन्ही ठिकाणी डोळा, हात आणि चूक यांचाच व्यवहार चालला आहे. पहिल्या ठिकाणी चूक ही मोजण्याची वस्तू आहे. दुसऱ्या ठिकाणी ती पुन्हा पाहण्याचे कारण आहे.

मानसशास्त्राची एखादी विद्यार्थिनी या दुसऱ्या वर्गात जाऊन बसू इच्छिते, तेव्हा तिच्या विभागाची प्रतिक्रिया बहुधा तीनपैकी एक असते. तो छंद समजून सौम्यपणे सोडून दिला जातो. पुढे कलोपचाराच्या क्षेत्रात उपयोगी पडेल म्हणून त्याचे कौतुक होते. किंवा हजेरीचा आणि संख्याशास्त्राच्या तासाचा प्रश्न काढून तिला परावृत्त केले जाते. या तिन्ही प्रतिक्रियांत एक समान गृहीतक आहे : मानसशास्त्राचे ज्ञान येथे मिळते, बाहेर मिळते ते अन्य काही. हे गृहीतक कितपत टिकते हे पाहणे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. विल्यम जेम्स : चित्रशाळेतून प्रयोगशाळेकडे

अमेरिकन मानसशास्त्राच्या पायाभरणीत ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते त्या विल्यम जेम्स (१८४२–१९१०) यांचे पहिले गंभीर शिक्षण चित्रकलेचे होते. १८६० मध्ये ते न्यूपोर्ट येथे विल्यम मॉरिस हंट या चित्रकाराच्या चित्रशाळेत दाखल झाले. हंट हे फ्रान्समध्ये शिकून आलेले आणि बार्बिझाँच्या मिले यांच्या सहवासात राहिलेले चित्रकार होते. जॉन ला फार्ज हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार तेथे जेम्स यांच्याबरोबर काम करत होते. पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, जेम्स यांनी चित्रकला सोडली आणि हार्वर्डच्या लॉरेन्स सायंटिफिक स्कूलमध्ये रसायनशास्त्रासाठी प्रवेश घेतला. या निर्णयाची कारणे चरित्रकारांनी निरनिराळी दिली आहेत. येथे महत्त्वाचे हे की, जेमतेम वर्षभराच्या त्या शिक्षणाचा ठसा १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ या द्विखंडात्मक ग्रंथात स्पष्टपणे उमटलेला आहे.

विचारप्रवाहावरील सुप्रसिद्ध प्रकरणात जेम्स यांनी खिडकीबाहेरच्या गवताचे उदाहरण घेतले आहे. उन्हातले आणि सावलीतले गवत आपल्याला सारखेच हिरवे वाटते. चित्रकाराला मात्र त्याचा एक भाग गडद तपकिरी तर दुसरा झगझगीत पिवळा रंगवावा लागतो, अशा आशयाचे ते विवेचन आहे. आपण वस्तू ओळखतो आणि ओळखीच्या भरात प्रत्यक्ष वेदन विसरतो, हा त्यातील मुद्दा. रंगस्थैर्य या नावाने पाठ्यपुस्तकात शिकवली जाणारी घटना ती हीच.

हे उदाहरण जेम्स यांना केवळ वाचनातून सुचले असे मानणे कठीण आहे. पांढऱ्या कपाची सावलीकडची बाजू रंगवताना पांढरा रंग लावला की कप चपटा दिसतो, आणि निळसर करडा लावला की तो गोल होतो, हा अनुभव चित्रशाळेतील पहिल्या काही आठवड्यांतला आहे. पाठ्यपुस्तकातून रंगस्थैर्य शिकणाऱ्याला एक व्याख्या मिळते. चित्रशाळेत तेच शिकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्याचा हट्ट अनुभवास येतो. ‘कप पांढरा आहे’ हे ज्ञान ‘कप येथे करडा दिसतो’ या वेदनाच्या आड कसे येते हे त्याला हातातल्या कुंचल्यावरून कळते. प्रयोगशाळेत ज्याला प्रयुक्त म्हणतात आणि ज्याला प्रयोगकर्ता म्हणतात, त्या दोन्ही भूमिका येथे एकाच व्यक्तीकडे असतात.

अर्थात, जेम्स यांच्या उदाहरणाला मर्यादा आहेत. ते संपन्न घरातले होते. कला, रसायन, वैद्यक असा प्रवास करायला त्यांना वेळ आणि पैसा दोन्ही उपलब्ध होते. त्यांच्या काळी मानसशास्त्राचा ठरीव अभ्यासक्रमच नव्हता. त्यामुळे ‘बाहेर’ जाण्याचा प्रश्नही आजच्या अर्थाने उद्भवत नव्हता. विषयाच्या सीमा आखल्या गेल्यावर त्या ओलांडणे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी पुढच्या पिढीकडे वळावे लागते.

३. रुडॉल्फ आर्नहाइम : पाहणे हाच विचार

रुडॉल्फ आर्नहाइम (१९०४–२००७) बर्लिन विद्यापीठात शिकले. वर्टहायमर व कोहलर यांच्या समष्टिवादी मानसशास्त्राच्या त्या केंद्रात मानसशास्त्र व तत्त्वज्ञान हे त्यांचे मुख्य विषय होते. कलेचा इतिहास आणि संगीताचा इतिहास हे दुय्यम विषय होते. आजच्या परिभाषेत ‘मेजर’ आणि ‘मायनर’ अशी ही मांडणी होय. १९३३ नंतर जर्मनी सोडून रोम व लंडनमार्गे ते १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचले आणि १९४३ पासून १९६८ पर्यंत न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. या महाविद्यालयाने सर्जनशील कलांना प्रारंभापासून नियमित अभ्यासक्रमात स्थान दिलेले होते, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. ‘आर्ट अँड व्हिज्युअल परसेप्शन’ (१९५४, सुधारित आवृत्ती १९७४) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ याच वातावरणात लिहिला गेला.

समतोल, आकृती, वाढ, अवकाश, प्रकाश, रंग, गती अशा प्रकरणांतून आर्नहाइम यांनी दाखवून दिले की, डोळा हा प्रतिमा टिपणारे निष्क्रिय यंत्र नाही. पाहतानाच तो निवड, सरलीकरण आणि रचना करीत असतो. ‘व्हिज्युअल थिंकिंग’ (१९६९) या ग्रंथात त्यांनी याच विचाराला शैक्षणिक टीकेचे रूप दिले. कलांची शिक्षणात उपेक्षा होते, कारण त्या संवेदनावर आधारलेल्या आहेत. आणि संवेदनाची उपेक्षा होते, कारण त्यात विचार नाही असे मानले जाते. हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी बा. सी. मर्ढेकर यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये मर्ढेकरांनी ललित कलांचे माध्यम म्हणून वेदनांचा विचार केला आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली. समतोल ही संकल्पना दोघांनाही केंद्रवर्ती वाटावी, हा तुलनात्मक अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे मर्ढेकर मराठी विभागात आणि समष्टिवाद मानसशास्त्र विभागात शिकवला जातो. दोहोंची गाठ पडावी अशी योजना अभ्यासक्रमात सहसा आढळत नाही.

आर्नहाइम यांच्या भूमिकेतही एक उणीव आहे. त्यांचे विवेचन प्रामुख्याने पूर्ण झालेल्या चित्राचे आहे. सेझानच्या चित्रातील समतोल ते विलक्षण बारकाईने उलगडून दाखवतात. परंतु समतोल न साधलेल्या नवशिक्याच्या कागदापाशी ते तितका वेळ थांबत नाहीत. लहान मुलांच्या चित्रांवर त्यांनी सविस्तर लिहिले आहे. चित्र काढता न येणाऱ्या प्रौढाच्या अडचणीवर त्या मानाने कमी. मानसशास्त्राचा जो विद्यार्थी विसाव्या वर्षी प्रथमच बाहेरच्या चित्रशाळेत पाऊल टाकतो, तो नेमका असा प्रौढ असतो.

४. मॅरियन मिल्नर : न जमण्याचे शिक्षण

ही उणीव भरून काढणारे पुस्तक मॅरियन मिल्नर (१९००–१९९८) यांनी लिहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून त्या १९२४ मध्ये मानसशास्त्राच्या प्रथम वर्गातील पदवीधर झाल्या. पुढे त्या मनोविश्लेषणाकडे वळल्या. ‘ऑन नॉट बीइंग एबल टू पेंट’ हे त्यांचे पुस्तक १९५० मध्ये जोआना फील्ड या टोपणनावाने प्रसिद्ध झाले; १९५७ च्या आवृत्तीला अॅना फ्रॉइड यांची प्रस्तावना आहे. पुस्तकाचे शीर्षकच त्याचा विषय सांगते : चित्र काढता न येणे.

मिल्नर यांनी चित्रकलेच्या प्रचलित सूचना पाळून पाहिल्या आणि त्यातून निर्जीव चित्रे तयार होतात असे त्यांना आढळले. हेतू न ठरवता काढलेल्या मुक्त रेखाटनांत मात्र त्यांना अनपेक्षित आशय सापडला. वस्तूंच्या बाह्यरेषेविषयीचे त्यांचे निरीक्षण या दृष्टीने मार्मिक आहे. शेजारी ठेवलेल्या दोन भांड्यांकडे लक्षपूर्वक पाहिल्यावर त्यांच्या कडा आपण समजतो तितक्या पक्क्या व बंदिस्त नाहीत असे त्यांच्या ध्यानात आले. कडा पक्की धरून ठेवण्याची गरज वस्तूला नसून पाहणाऱ्याला आहे, आणि ती सोडताना भीती वाटते, या निष्कर्षापर्यंत त्या जातात.

पुस्तकाच्या मनोविश्लेषणात्मक स्पष्टीकरणांविषयी मतभेद संभवतात. स्वतःच्याच चित्रांचा स्वतः लावलेला अर्थ हा पुरावा म्हणून किती ग्राह्य धरावा, हा आक्षेप सहज फेटाळता येणार नाही. मुक्त रेखाटनावर त्यांनी दिलेला भर पाहता, पद्धतशीर रेखांकनाच्या शिस्तीला त्या पुरेसा न्याय देत नाहीत असेही म्हणता येईल. तथापि या पुस्तकाचे मोल त्याच्या निष्कर्षांपेक्षा त्यातील स्थितीत आहे. मन या विषयाचे प्रमाणपत्र हाती असलेली व्यक्ती येथे अनभिज्ञ म्हणून कागदासमोर बसते आणि आपल्या असमर्थतेची नोंद ठेवते.

मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात ही स्थिती जवळजवळ येतच नाही. विद्यार्थी चिंता, प्रतिकार, पराभूत भाव यांच्या व्याख्या पाठ करतो. समुपदेशनाच्या तंत्रांची यादी लिहितो. परंतु ज्या कामात आपण सर्वांदेखत कमी पडतो आणि तरीही आठवड्यानंतर पुन्हा तेथेच जाऊन बसायचे असते, असे काम त्याच्या वाट्याला क्वचितच येते. पुढे ज्या व्यक्ती त्याच्यासमोर साहाय्यासाठी बसणार आहेत त्यांची स्थिती बऱ्याच अंशी अशीच असणार आहे. चित्रशाळेत ती स्थिती त्याला स्वतः भोगावी लागते.

५. चित्राचे गुणांकन आणि चित्राची ओळख

मानसशास्त्र चित्राला अगदीच अनोळखी आहे असे नाही. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मुलांनी काढलेल्या माणसाच्या चित्रावरून बुद्धिमापन करण्याची पद्धती मांडली. तिच्यात ५१ गुणांचे निकष होते : डोके आहे काय, हात-पाय आहेत काय, ते धडाला योग्य ठिकाणी जोडलेले आहेत काय, बोटांची संख्या बरोबर आहे काय, इत्यादी. भारतीय मुलांसाठी प्रमिला फाटक यांनी या धर्तीवर श्रेणी तयार केली. व्यक्तिमत्त्वमापनासाठी जॉन बक यांची घर-झाड-व्यक्ती चाचणी १९४८ मध्ये आणि कॅरेन माकोव्हर यांची मानवाकृती-रेखाटनाची पद्धती १९४९ मध्ये पुढे आली. या प्रक्षेपण चाचण्यांच्या विश्वसनीयतेवर व यथार्थतेवर नंतरच्या संशोधकांनी तीव्र आक्षेप घेतले, हे सर्वज्ञात आहे.

येथे प्रश्न वेगळा आहे. चित्रातील हात आखूड आहे म्हणून मूल स्वतःला असाहाय्य समजते असा अर्थ लावणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः कधी हात काढून पाहिला आहे काय? हात काढणे अवघड असते. समोरून आलेला हात आखूडच दिसतो. कागद संपत आला की नवशिका अवयव आवरता घेतो. या तीन साध्या गोष्टी ज्याला अनुभवाने ठाऊक आहेत तो आखूड हाताचा अर्थ लावताना थबकेल. चाचणीच्या पुस्तिकेत हा सावधपणा शिकवता येतो, पण तो अंगी बाणवणे कठीण असते.

शाईच्या डागांची चाचणी रचणाऱ्या हरमान रोरशाक (१८८४–१९२२) यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. त्यांचे वडील चित्रकला-शिक्षक होते. शाळेत त्यांना ‘क्लेक्स’, म्हणजे शाईचा डाग, असे टोपणनाव मिळाले होते. ते स्वतः उत्तम रेखाटन करीत. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतील दहा पट्ट्या डोळसपणे घडवलेल्या होत्या. आजचा विद्यार्थी त्या पट्ट्यांवरील प्रतिसादांचे गुणांकन शिकतो. पट्टी घडवणाऱ्या नजरेचे शिक्षण त्याच्या अभ्यासक्रमातून गळालेले आहे.

६. ‘बाहेर’ म्हणजे कोठे?

अमेरिकेत हा प्रश्न काही ठिकाणी शेजारधर्माने सुटला आहे. प्रॉव्हिडन्स शहरात ब्राउन विद्यापीठ आणि १८७७ मध्ये स्थापन झालेले र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन एकाच टेकडीवर आहेत. ब्राउनच्या विद्यार्थ्याला परस्पर-नोंदणीच्या सोयीमुळे शेजारच्या संस्थेतील वर्ग करता येतो आणि त्याचे श्रेयांक त्याच्या पदवीत धरले जातात. २००८ मध्ये या दोन संस्थांनी संयुक्त पदवीही सुरू केली. या व्यवस्थेचा विशेष असा की, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी निराळी, सोपी चित्रकला निर्माण केलेली नाही. भावी चित्रकार ज्या वर्गात बसतात त्याच वर्गात त्याला बसावे लागते.

भारतात कलेला विद्यापीठाच्या आत घेण्याची परंपराही आहे. शांतिनिकेतनात कलाभवन १९१९ मध्ये सुरू झाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये स्थापन झाली आणि तिच्या चित्रकला विभागाची धुरा ना. श्री. बेंद्रे यांनी सांभाळली. मानसशास्त्र आणि चित्रकला एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली नांदू शकतात, याचे हे जवळचे उदाहरण होय.

महाराष्ट्रात इतिहास वेगळ्या दिशेने गेला. मुंबईत सर ज. जी. कला महाशाळा १८५७ मध्ये, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याच वर्षी, सुरू झाली. तरीही दोन्ही संस्थांची वाटचाल दीर्घकाळ समांतर राहिली. १९६५ मध्ये स्वतंत्र कला संचालनालय अस्तित्वात आले. कलाशिक्षणाला त्यामुळे स्वतःचे प्रशासन, पदविका आणि परीक्षा मिळाल्या, हा मोठाच लाभ झाला. मात्र कला महाविद्यालय आणि ‘कला शाखा’ हे दोन निरनिराळे प्रदेश झाले. आपल्याकडे मानसशास्त्राचा विद्यार्थी ‘आर्ट्स’ला असतो, त्याला मिळणारी पदवी कला शाखेची असते, आणि त्या शाखेत बहुधा चित्रकलेचा एकही वर्ग नसतो. या शब्दातील विसंगती इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला खटकत नाही.

शालेय स्तरावर चित्र याहून आशादायक दिसते. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएटला, राज्यभरातील विद्यार्थी मोठ्या संख्येने बसतात. त्यांतील ‘स्मरणचित्र’ हा विषय मानसशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावा असा आहे. बाजार, पाणवठा, बसथांबा असा प्रसंग आठवून तो कागदावर मांडायचा असतो; काय आठवते, काय निसटते, आणि निसटलेल्या जागी सवयीचे साचे कसे येऊन बसतात, हे त्यात उघड होते. दहावीनंतर हा विद्यार्थी कला शाखेत येतो, स्मृतीचा अभ्यास एबिंगहाउसच्या निरर्थक शब्दांशांपासून सुरू करतो, आणि आपण स्मृतीचे एक प्रात्यक्षिक आधीच करून आलो आहोत याची त्याला कोणी आठवण करून देत नाही. दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळवून देण्यापुरतीच त्या परीक्षेची उपयुक्तता उरते.

७. श्रेयांकाचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ही भिंत पाडण्याचा संकल्प जाहीर केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०२१ च्या विनियमांनी श्रेयांक पेढी अस्तित्वात आणली. तिच्यामुळे पदवी देणाऱ्या संस्थेत किमान ५० टक्के श्रेयांक मिळवून उर्वरित अन्य नोंदणीकृत संस्थांत मिळवण्याची तरतूद झाली. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह इत्यादी गटांची चौकट घालून दिली. कागदावर पाहता मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला चित्रशाळेचे दार उघडे झाले आहे.

प्रत्यक्षात तीन अडचणी दिसतात. पहिली वर्गीकरणाची. सदर निर्णयात दृश्यकलांचा निर्देश योग, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना यांच्यासमवेत सह-अभ्यासक्रमाच्या गटात येतो. अन्य विद्याशाखेतील विषय म्हणून चित्रकला निवडण्यास त्यामुळे मज्जाव होत नाही. परंतु हाताने करावयाची कला ही मुख्य अभ्यासाच्या बाजूला चालणारी गोष्ट आहे, ही जुनी समजूत नव्या चौकटीतही शाबूत राहिली आहे.

दुसरी अडचण वेळेची. व्याख्यानाच्या एका श्रेयांकासाठी १५ तास, तर प्रात्यक्षिक वा चित्रशाळेतील कामाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरले जातात. दोन श्रेयांकांचा चित्रकलेचा वर्ग प्रामाणिकपणे घ्यायचा तर ६० तास, म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला सलग चार तास हवेत. हेच श्रेयांक ‘कलास्वाद’ नावाच्या व्याख्यानांतून ३० तासांत, वेळापत्रकाला धक्का न लावता, स्वतःच्या महाविद्यालयातच मिळू शकतात. कोणताही व्यवहारी प्राचार्य दुसरा पर्याय स्वीकारील. कलास्वादाचा अभ्यासक्रम मोलाचा आहे. मात्र पडद्यावर चित्र पाहणे आणि मडक्याची कडा चार तास न्याहाळणे ही एकमेकांची पर्यायी कामे नव्हेत.

तिसरी अडचण प्रवेशाची. कला महाविद्यालयांची रचना पूर्णवेळ पदवी वा पदविकेच्या तुकड्यांभोवती झालेली आहे. एका वर्गापुरता येणारा बाहेरचा विद्यार्थी त्या रचनेत बसत नाही. त्यामुळे तो शहरातील खाजगी छंदवर्गाकडे वळतो. तेथील शिक्षण श्रेयांक पेढीत जमा होत नाही, ही त्यातील लहान हानी. मोठी हानी ही की, अशा पुष्कळ वर्गांत छायाचित्रावर चौकटी आखून नक्कल करून घेतली जाते आणि महिनाभरात भिंतीवर लावण्याजोगे चित्र तयार होते. पाहण्याची अडचण टाळूनच ते चित्र झालेले असते. महाविद्यालयाच्या बाहेर पडणे ही स्वतःच गुणवत्तेची खूण नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे.

या तिन्ही अडचणींचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनीला शेवटची गाडी गाठायची असते. चित्रशाळेचे चार तास तिच्या दृष्टीने घरी द्याव्या लागणाऱ्या स्पष्टीकरणाचे चार तास असतात. ‘याला मार्क आहेत का?’ या घरच्या प्रश्नाला तिच्याकडे होकारार्थी उत्तर असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. श्रेयांकाची मागणी ही तिच्यासाठी तात्त्विक बाब नाही. तो बाहेर पडण्याचा परवाना आहे.

८. काही आक्षेप

मानसशास्त्राचे विद्यार्थी संख्याशास्त्रात व संशोधनपद्धतीत आधीच कच्चे असताना त्यांना चित्रकलेकडे पाठवणे कितपत योग्य, असा एक आक्षेप घेतला जातो. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. तथापि संख्याशास्त्र नोंदींवर प्रक्रिया करते. नोंद करणारा डोळा ते घडवत नाही. वर्गातील मुलाच्या वर्तनाचे निरीक्षण लिहायला सांगितले असता ‘मूल अस्वस्थ होते’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने वेदन नोंदवलेले नसते, निष्कर्ष नोंदवलेला असतो. ‘कप पांढरा आहे’ असे म्हणणाऱ्याची चूक हीच आहे. ही चूक दाखवून देणारी दुसरी शिस्त उपलब्ध असेल तर तिला स्पर्धक मानण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रस्तुत मांडणीच्याच विरोधात जातो. श्रेयांक आले की मूल्यमापन येते. मूल्यमापन आले की न जमण्याची मोकळीक संपते. मिल्नर यांनी वर्णिलेले शिक्षण परीक्षेच्या चौकटीत होऊ शकेल काय? श्रेयांक नाकारावेत तर तालुक्याच्या गावातील विद्यार्थिनीचा मार्ग बंद होतो, आणि द्यावेत तर चित्रशाळेचीही प्रयोगशाळा होऊन चुका मोजल्या जाऊ लागतात. हा पेच पूर्णपणे सुटणारा नाही. तो सौम्य मात्र करता येईल. उपस्थिती आणि सत्रभरातील सर्व रेखाटनांचा संग्रह, फसलेल्या कागदांसह, सादर केल्यास श्रेयांक द्यावेत. श्रेणी देऊ नये, असा मार्ग सुचवता येतो.

तिसरा मुद्दा उपयुक्ततेचा. विद्यार्थ्याला बाहेर पाठवायचे तर त्याने परत येऊन ‘चित्रकलेचे मानसशास्त्रीय फायदे’ या विषयावर प्रकल्प लिहावा, अशी अपेक्षा विभागाकडून केली जाण्याचा संभव आहे. ही अपेक्षा मोहक असली तरी टाळलेली बरी. कारण तिच्यामुळे विद्यार्थी चित्रशाळेतही मानसशास्त्राचा निरीक्षक म्हणूनच बसतो आणि जे अनुभवण्यासाठी तो गेला होता तेच त्याच्या हातून निसटते.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, जेम्स यांना चित्रशाळेने वेदन आणि ज्ञान यांतील भेद दाखवला, आर्नहाइम यांनी त्या भेदाचे शास्त्र केले आणि मिल्नर यांनी तो भेद पाहताना मनाला होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवली. तिघांच्याही बाबतीत चित्रकला मानसशास्त्राची सजावट म्हणून आलेली नाही. विषयाच्या मूळ सामग्रीकडे, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवाकडे, जाण्याचा तो मार्ग होता.

महाविद्यालयांनी या दृष्टीने फार मोठे काही करण्याची आवश्यकता नाही. जवळच्या कला महाविद्यालयाशी सामंजस्य करार करून प्रत्येक सत्रात चार-पाच विद्यार्थ्यांना नियमित तुकडीबरोबर बसू देणे; त्यासाठी आठवड्यातील एक दुपार वेळापत्रकात मोकळी ठेवणे; त्या तासांना प्रात्यक्षिकाच्या दराने श्रेयांक देणे; आणि हजेरीच्या नियमात त्या अनुपस्थितीची नोंद कर्तव्य म्हणून करणे, एवढ्या चार गोष्टी विद्यमान तरतुदींच्या कक्षेत बसू शकतात. करार करणे सोपे असते. मानसशास्त्राच्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याच्या फसलेल्या रेखाटनाकडे गुण न देता पाहणे हे त्याहून अवघड आहे. आणि सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.